कुठला पेंग्विन घरी आणायचा?

बालमित्रांनो, तुमच्या घरात कोपऱ्यातल्या टेबलावर एखादा जुना संगणक आहे का? दादा बारावीला असताना घेतलेला आणि आता आजीनं विणलेला रुमाल पांघरून बसलेला? असेल तर आजचा लेख खास तुमच्यासाठी. आई-बाबांनाही जवळ बसवून घ्या, कारण यात थोडा पैशांचाही प्रश्न आहे.

तर झालं असं. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीनं विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवलत दिली, पण ती तेवढीच. आता देखभाल म्हणजे काय? घराच्या भिंतीला भोक पडलं की गवंडी येऊन बुजवतो ना, तसंच हे. संगणक चालवणाऱ्या प्रणालीतही अशी भोकं सापडत राहतात आणि कंपनी ती बुजवत राहते. गवंडी यायचा थांबला म्हणून घर लगेच पडत नाही. पण उंदीर-घुशींना वाट मोकळी होते! बाबा त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार करत असतील, तर ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही.

“मग विंडोज ११ टाकू की!” असं कुणी म्हणेल. टाकता येतं, पण सगळ्यांना नाही. त्याला निदान ४ जीबी मेमरी लागते, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला असावा लागतो. साधारण २०१७ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीतच. म्हणजे पोरगं धडधाकट, अभ्यासही बरा, पण परीक्षेला बसायलाच परवानगी नाही! मग दुकानात गेलं की उत्तर मिळतं, “नवा घ्या.” नवा म्हणजे तीस-चाळीस हजार. आणि आमच्या कोल्हापूर भागात घरोघरी त्यावरचं उत्तर ठरलेलं आहे, “उसाचं बिल येऊ दे, मग बघू.”

बिल येईपर्यंत करता येईल अशी एक गोष्ट आहे. कदाचित ती केल्यावर नवा संगणक घ्यावाच लागणार नाही.

संगणक प्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलकावर तुम्ही काय दाबलं, पडद्यावर काय दाखवायचं, फोटो कुठल्या कप्प्यात ठेवायचा, हे सगळं तो बघतो. विंडोज हा एक कारभारी. पण तो एकटाच नाही. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाचा कारभारी घडवायला सुरुवात केली. तो फार शिस्तीचा, पण पुढं तो महाग झाला आणि त्याच्यावर कंपन्यांची कुलपं पडली. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलं की, आपण युनिक्ससारखीच पण कुलूप नसलेली प्रणाली तयार करू. तिला त्यांनी नाव दिलं जीएनयू. तिचे बरेच भाग तयारही झाले, पण मधला गाभा काही होईना. तो गाभा लिहिला फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं, १९९१ साली. तोच लिनक्स. (गंमत पाहा, त्याच १९९१ साली आपल्या पुण्यात सी-डॅक या संस्थेनं ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला होता. आज जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालतो!) लिनक्सचं चिन्ह आहे एक गुबगुबीत पेंग्विन. त्याचं नाव टक्स.

आणि हो, आईच्या हातात अँड्रॉइडचा फोन असेल तर लिनक्स तुमच्या घरी केव्हाच आलाय. त्या फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे.

इथं एक शब्द नीट समजून घ्या. इंग्रजीत ‘फ्री’ म्हटलं की मोफत का मुक्त, हेच कळत नाही आणि तिकडची मंडळी त्यावर तासन्‌तास वाद घालतात. आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, म्हणून वादच नाही. या प्रणाली मोफत तर आहेतच, पण मुख्य म्हणजे मुक्त आहेत. त्या कशाही वापरा, आत उघडून बघा, हव्या तशा बदला आणि मैत्रिणीला खुशाल प्रत देऊन टाका. ती चोरी नाही. पालकसभेत एका बाबांनी मला विचारलं होतं, “फुकट मिळतंय म्हणजे माल हलकाच असणार ना, बाई?” मी म्हटलं, कोल्हापूरच्या माणसानं तरी असं म्हणू नये. शाहू महाराजांनी १९१७ साली इथं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते काय हलकं होतं?

आता खरी अडचण पुढंच आहे. विंडोज घ्यायचं तर दुकानदार विचारत नाही कुठलं. लिनक्स म्हटलं की मात्र शेकडो नावं समोर येतात. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, बॉस... एवढी कशाला? याचं उत्तर मिसळीत आहे. मटकीची उसळ सगळीकडं असते. तरी फडतरेंची मिसळ वेगळी, चोरगेंची वेगळी, बावड्याची वेगळी. कटाचा मसाला ज्याचा त्याचा, फरसाण ज्याचं त्याचं. लिनक्सचा गाभा म्हणजे ती उसळ. त्यावर पडद्याची मांडणी, मेनू, सोबतची सॉफ्टवेअर्स घालून कुणी जे तयार ताट वाढतं, त्याला ‘डिस्ट्रो’ म्हणतात. ‘कुठली मिसळ भारी’ यावर जेवढं भांडण रंकाळ्यावर होईल, तेवढंच भांडण ‘कुठली डिस्ट्रो भारी’ यावर जगभर चालू असतं. त्या भांडणात तुम्ही पडू नका. तुमच्या घरात, तुमच्या संगणकावर कुठली चालते, एवढंच बघायचं आहे.

आमच्या शाळेत आम्ही हेच बघितलं. चार जुने संगणक होते. दोघांत ४ जीबी मेमरी, दोघांत फक्त २ जीबी. चौथीच्या मुलांचे चार गट केले आणि दर शनिवारी एकेक डिस्ट्रो चालवून पाहिली.

पहिला मान उबुंटूचा. २००४ साली दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी ती सुरू केली. ‘उबुंटू’ हा तिकडचा शब्द, अर्थ जवळजवळ आपल्या ‘माणुसकी’सारखा. सुरुवातीची काही वर्षं ते जगात कुणालाही टपालानं सीडी फुकट पाठवायचे! दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती येते आणि तिची पाच वर्षं देखभाल होते. दिसायला देखणी. पण निदान ४ जीबी मेमरी असेल तरच तिच्या वाटेला जा. आमच्या २ जीबीच्या संगणकावर चिन्ह दाबून मुलं पाढा म्हणायला लागली, तो संपला तरी खिडकी उघडेना. शिवाय तिची मांडणी वेगळी आहे, चिन्हांची पट्टी डाव्या बाजूला उभी. एका मुलीनं पडद्याचा खालचा कोपरा दोन-तीनदा शोधला आणि म्हणाली, “बाई, ह्याचं स्टार्टच गायब हाय की!”

दुसऱ्या शनिवारी लिनक्स मिंट. ही उबुंटूच्याच पायावर बांधलेली, २००६ पासूनची. हिचा मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडं. विंडोजची सवय असलेल्या माणसाला हिच्यात परकं वाटत नाही. मुलांना तर काही सांगावंच लागलं नाही. हिचे तीन प्रकार मिळतात. त्यातला ‘एक्सएफसीई’ नावाचा हलका. २ जीबी मेमरीवर तो चालतो, पण पळत नाही. आणि हे सगळ्याच डिस्ट्रोंना लागू आहे, बरं का! प्रणाली कितीही हलकी असली तरी ब्राउझरमध्ये दहा पानं उघडली की २ जीबीचा जीव गुदमरतोच. पालकांनो, शक्य असेल तर आधी मेमरी ४ जीबी करा आणि जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. डिस्ट्रो बदलण्यानं जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त या एका गोष्टीनं पडतो.

डेबियन ही या सगळ्यांची आजी. १९९३ साली इयान मरडॉक यांनी सुरू केली. त्यांच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा, म्हणून डेब्रा अधिक इयान, डेबियन. उबुंटू हिच्याच पोटी जन्मली आणि मिंट ही नात. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या खेळण्यांची नावं देतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ‘ट्रिक्सी’. आजीसारखीच ती घाई करत नाही, नव्या फॅशनच्या मागं धावत नाही आणि आजारीही क्वचित पडते. पण बसवताना प्रश्न फार विचारते. घरात कुणी जाणकार दादा-ताई असेल तर हिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही, असं माझं मत. एक लक्षात ठेवा, ट्रिक्सीपासून ३२ बिटच्या जुन्या संगणकांवर ती नव्यानं बसवता येत नाही. मिंट आणि उबुंटूच्या आजच्या आवृत्त्याही ६४ बिटच्याच आहेत. त्यामुळं संगणक फारच म्हातारा असेल तर आधी तो किती बिटचा, हे विचारून घ्या.

बॉस म्हणजे ‘भारत ऑपरेटिंग सिस्टम सोल्युशन्स’. सी-डॅकनं २००७ पासून डेबियनच्या पायावर केलेली. मराठीसकट अनेक भारतीय भाषांची सोय हिच्यात आधीपासूनच घातलेली असते आणि शाळांसाठी एक वेगळा प्रकारही आहे. कल्पना उत्तम आहे. पण अडलं तर वाटेत विचारायला माणसं मिंट-उबुंटूची जास्त भेटतात, म्हणून घरासाठी मी तिला पहिला नंबर देणार नाही. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते, म्हणजे दरवर्षी नवं दप्तर. ज्यांना नव्याची हौस आहे त्यांनी घ्यावी. आणि फ्रीबीएसडी हा तर लिनक्सच नव्हे! तो युनिक्सच्या दुसऱ्या घराण्यातला, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या वंशातला चुलतभाऊ. मोठमोठ्या सर्व्हरवर तो उत्तम राबतो. पण घरी बसवला की खिडक्या, चित्रं, मेनू सहसा आपल्यालाच जोडून घ्यावं लागतं आणि लॅपटॉपचं वाय-फाय कधी रुसतं. अकरावी-बारावीत संगणकशास्त्राची गोडी लागली की त्याच्याकडं जा.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग मराठीचं काय? बरोबर! आपल्या दृष्टीनं हीच मोठी परीक्षा. वरच्या सगळ्या प्रणालींत मराठी लिहिता येतं. सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा कळफलक जोडायचा. त्यात ‘इनस्क्रिप्ट’ निवडा. ही भारत सरकारनं ठरवलेली मांडणी आहे, म्हणून विंडोज असो, उबुंटू असो की बॉस, बटणं तीच राहतात. एक खेळ करून पाहा. इनस्क्रिप्ट चालू करून के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे ही बटणं ओळीनं दाबा. पडद्यावर काय उमटतं? कोल्हापूर! मग ‘कुऱ्हाड’, ‘वाऱ्यावर’ आणि ‘ॲप’ लिहून बघा. अर्धा र नीट वळला आणि ॲ ची टोपी जागेवर बसली, तर फॉन्ट पास. लिनक्सबरोबर बऱ्याचदा येणारा ‘लोहित’ हा फॉन्ट रेड हॅट कंपनीनं मुक्त केला आणि त्यावर पुण्यातल्या मंडळींनी बरंच काम केलं. लोहित म्हणजे लाल आणि कंपनीची टोपीही लाल, कळलं ना?

पण शिक्षक आणि छापखानावाल्या काकांसाठी एक खोच आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, ‘श्रीलिपी’ किंवा ‘शिवाजी’सारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या असतात. नव्या संगणकावर त्या उघडल्या की शाळा, गुरुजी, परीक्षा यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती फाईल बिघडलेली नसते. तिला तिचा जुना फॉन्ट हवा असतो. आपण विकत घेतलेला तो फॉन्ट लिनक्समध्येही बसवता येतो आणि मग मजकूर जसाच्या तसा परत येतो. आमच्या शाळेतल्या घटक चाचण्या अशाच परत आल्या.

प्रिंटरनं मात्र रडवलं. शाळेत दोन होते. एक जोडताक्षणी चालला. दुसऱ्याच्या कंपनीनं लिनक्ससाठी चालकच, म्हणजे ड्रायव्हरच, दिलेला नव्हता आणि तो चारही डिस्ट्रोंवर ढिम्म हलला नाही. म्हणूनच म्हणते, ‘अमुक डिस्ट्रो चांगली’ हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून ठरवू नका. घरात वही घेऊन फिरा आणि प्रत्येकाला विचारा, “तुम्ही संगणकावर काय करता?” आई बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवते? तो लिब्रेऑफिसमध्ये उघडतो, फक्त एकदा सगळ्या बेरजा तपासून घ्या. आजी कीर्तन बघते, ते कुठंही दिसेल. दीक्षा, बालभारतीची पुस्तकं, प्रवेशाचे अर्ज ही सगळी कामं ब्राउझरमध्येच होतात, तिथं खाली विंडोज आहे की लिनक्स याचा फारसा फरक पडत नाही. तुमच्यासाठी स्क्रॅच, जीकॉम्प्री, टक्स पेंट फुकट मिळतात. पण बाबांचं दुकान टॅलीवर चालत असेल, काका कोरलड्रॉमध्ये फलक करत असतील, ताई शासनाच्या टायपिंग परीक्षेचा सराव करत असेल, तर त्यांचं विंडोज हलवू नका. दादाचे काही आवडते ऑनलाइन गेमही लिनक्सवर चालत नाहीत. त्याची नाराजी ओढवण्याआधी त्याला विचारा! डिजिटल सहीचं यंत्र वापरणाऱ्यांनी ते आधी जोडून बघावं.

आणि बघायचं कसं? हीच यातली सगळ्यात छान सोय. डिस्ट्रो पेनड्राइव्हवरूनच चालवता येते! संगणकातलं काहीही न पुसता. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. (रिकामाच हवा, कारण त्यातलं सगळं पुसलं जातं.) मिंटच्या किंवा उबुंटूच्या मूळ संकेतस्थळावरून फाईल उतरवा. ती नुसती चिकटवून चालत नाही, रुफस किंवा एचरसारख्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्हवर चढवावी लागते. मग संगणक बंद करून पुन्हा चालू करताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप दाबायचं. कुठलं, ते कंपनीप्रमाणे बदलतं. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की पेंग्विन हजर. ‘इन्स्टॉल’ हे चिन्ह दाबून पुढं जात नाही तोवर हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. ते चिन्ह आई-बाबा शेजारी असल्याशिवाय दाबायचं नाही, आणि ताईच्या लग्नाचे फोटो, जमिनीच्या उताऱ्यांच्या प्रती दुसरीकडं उतरवून घेतल्याशिवाय तर मुळीच नाही. पेनड्राइव्हवरून चालताना सगळं थोडं हळू चालतं, त्यावरून वेगाचा निकाल लावू नका. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, कोल्हापूर लिहिता येतं का, एवढं तपासा आणि वहीत बरोबर-चूकच्या खुणा करा.

एका डिस्ट्रोवर दोन-तीन खुणा चुकल्या तर दुसरी चालवून बघा, पेनड्राइव्ह तोच. पर्यायांची बेरीज करून माझं विचाराल तर पहिल्यांदा मिंट, मेमरी कमी तर मिंटचाच हलका प्रकार. जागा असेल तर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारीही नांदतात. चालू करताना कोण हवं ते विचारलं जातं. मात्र अशा वेळी बँकेची कामं देखभाल चालू असलेल्या प्रणालीतूनच करायची.

आमच्या शाळेत शेवटी काय झालं? मुलांनी मतदान घेतलं. तीन संगणकांवर मिंट बसली. चौथा कार्यालयाचा, त्याचा प्रिंटर तोच अडेलतट्टू, म्हणून तो आहे तसाच राहिला आणि त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली. केरळमध्ये तर सरकारी शाळांनी असं काम राज्यभर केलंय. त्यांची स्वतःची उबुंटूवर बेतलेली प्रणाली आहे आणि मुलं पाठ्यपुस्तकातले धडे तिच्यावरच शिकतात. तिथली मल्याळम आणि आपली मराठी, अडचणी सारख्याच.

शिकायला मदत हवी असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिस यांवरचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजात आहेत. बघता बघता थांबवायचं, आपण करून बघायचं, पुन्हा चालू करायचं.

आणि चाचणी संपल्यावर पेनड्राइव्ह लगेच ओढून काढू नका हं! मेनूतून ‘शट डाउन’ निवडा. पडदा सांगेल की आता पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा. मगच काढायचा.